बाटलीभोवतीचे जेवण

फ्रान्समधील भोजनसंस्कृतीचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा मोठी रेस्टॉरंटे, तेथील नामवंत आचारी आणि त्यांना तारे बहाल करणाऱ्या मार्गदर्शिका यांच्याकडे वळते. गेल्या तीन-चार दशकांत पॅरिसच्या मध्यमवर्गीय नागरिकाच्या संध्याकाळच्या जेवणात जो मोठा बदल घडला, त्याचा उगम मात्र वाइनच्या दुकानात आहे. भिंतभर बाटल्यांच्या फळ्या, मध्ये पाच-सहा टेबले किंवा नुसतेच एक लांब काउंटर, फळ्यावर खडूने लिहिलेली दहा-बारा पदार्थांची यादी आणि त्यांतील प्रत्येक पदार्थ दोघातिघांना वाटून खाता येईल अशा लहान बशीत, असे चित्र आज शहराच्या पूर्वेकडील कोणत्याही वस्तीत आढळते. वाइनच्या दुकानातच बसून खाण्याची सोय असेल तर त्याला 'काव्ह आ मांजे' म्हणतात आणि पेल्याने वाइन देणाऱ्या खानपानगृहाला 'बार आ व्हँ', म्हणजे वाइन बार. येथील लहान बशी ही स्पेनमधील तापासची, म्हणजे मद्याबरोबर देण्याच्या चटकमटक पदार्थांची नक्कल आहे असे पुष्कळदा लिहिले जाते. तापासचा प्रभाव नाकारण्याचे कारण नाही, परंतु या पद्धतीची मुळे फ्रान्समध्येच आहेत आणि ती मद्यपरवान्याच्या कायद्यात, पॅरिसच्या जुन्या इमारतींच्या रचनेत आणि आपला माल घेणारा कोणीतरी भेटावा म्हणून धडपडणाऱ्या काही हट्टी द्राक्षबागायतदारांत शोधावी लागतात.

वाइन विकणे आणि वाइनबरोबर खाऊ घालणे हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, ही फ्रेंच प्रशासनाची समजूत फार जुनी आहे. राजेशाहीच्या काळात वाइनवरील कर आकारताना विक्रीचे दोन प्रकार केले जात. एक 'आ पो', म्हणजे भांड्याने विक्री, ज्यात गिऱ्हाईक आपले भांडे भरून घेऊन जाई. दुसरा 'आ आसिएत', म्हणजे बशीसह विक्री, ज्यात टेबलावर कापड अंथरून, बशी मांडून, वाइनबरोबर जेवण देण्याची मुभा असे. पहिल्या प्रकारच्या विक्रेत्याने टेबलावर कापड आणि बशी मांडली की तो दुसऱ्याच्या हक्कात शिरला असे मानले जाई. त्यातच पॅरिसमध्ये आणल्या जाणाऱ्या वाइनवर शहराच्या वेशीवर जकात असल्याने वेशीबाहेर स्वस्त वाइनची गाण्या-नाचण्याची ठिकाणे उभी राहिली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ती जकात चुकू नये म्हणून शहराभोवती भिंतच बांधण्यात आली. कोणाला कोठे बसून काय पिता येईल हे करवसुली करणाऱ्याने ठरवावे आणि पिणाऱ्याने त्यातून वाट काढावी, हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

एकोणिसाव्या शतकात मध्य फ्रान्समधील ओव्हेर्न्य या डोंगराळ आणि गरीब प्रदेशातून हजारो कुटुंबे पोटासाठी पॅरिसला आली. पुरुष आधी घरोघरी पाणी वाहून नेत, पुढे कोळसा विकू लागले. त्यांना 'बुन्या' म्हणत आणि त्यांच्या दुकानावर 'वाइन आणि कोळसा' अशी दुहेरी पाटी असे. नवरा पाठीवर कोळशाची पोती घेऊन जिने चढत असताना बायको जस्ताच्या पत्र्याने मढवलेल्या काउंटरमागे उभी राहून मजुरांना वाइनचे पेले भरून देई आणि सोबत गावाकडून आलेले सुकवलेले सॉसेज व चीज कापून देई. पॅरिसच्या बिस्त्रोंचा, म्हणजे शेजारपाजारच्या लोकांच्या लहान खानावळींचा, मोठा हिस्सा या दुकानांतून वाढला. पाव, चीज आणि खारवलेले मांस ही वाइनसोबतची त्रयी त्या काळी कोणाच्या पाककौशल्याचा आविष्कार नव्हती. चूल न पेटवता जे देता येईल ते दिले जाई.

विसाव्या शतकाच्या मध्यावर ही दुकाने कमी होऊ लागली. रेस्टॉरंटात वाइन बाटलीनेच घ्यायची आणि कॅफेत पेल्याने मिळेल ती निकृष्ट असेल असे गृहीत धरायचे, अशी विभागणी रूढ झाली. ती मोडण्यात काही इंग्रजांचा वाटा होता हे फ्रेंच लेखकही मान्य करतात. स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने 1970च्या दशकाच्या प्रारंभी पॅरिसमधील एक वाइनचे दुकान विकत घेतले, 1973 मध्ये शेजारीच वाइनची शाळा काढली आणि 24 मे 1976 रोजी फ्रेंच व कॅलिफोर्नियाच्या वाइनची ती प्रसिद्ध तुलना घडवून आणली, जिच्यात फ्रेंच परीक्षकांनी डोळ्यांआड केलेल्या बाटल्यांतून कॅलिफोर्नियाच्या वाइनना पहिली पसंती दिली. त्या वर्तुळातील मार्क विल्यमसन या आणखी एका इंग्रजाने 1980 मध्ये पाले रॉयालजवळ 'विलीज वाइन बार' उघडला आणि रोन नदीच्या खोऱ्यातील, तोवर राजधानीत फारशी प्रतिष्ठा नसलेल्या, वाइन तेथे पेल्याने देण्यास सुरुवात केली.

पेल्याने चांगली वाइन देणे हे वाटते तितके सोपे नाही. बाटली 75 सेंटिलिटरची असते आणि त्यातून साडेबारा सेंटिलिटरचे सहा पेले निघतात. बूच काढल्याबरोबर हवेतील प्राणवायू वाइनवर काम करू लागतो. पहिल्या तासाभरात त्याने सुगंध खुलतो, पण एक-दोन दिवसांत त्याच प्राणवायूने वाइन फिकी आणि आंबूस होते. म्हणजे उघडलेल्या बाटलीतील सहाही पेले त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी खपले पाहिजेत. उघड्या बाटलीत नायट्रोजन किंवा अर्गॉनसारखा निष्क्रिय वायू सोडून ती टिकवण्याची यंत्रे पुढे आली, परंतु लहान बारचा खरा भरवसा गिऱ्हाइकांच्या वर्दळीवरच राहिला. त्यामुळे वाइन बारला असे गिऱ्हाईक लागते की जे येत-जात राहील, एक पेला घेऊन थांबेल किंवा चार पेले चाखेल आणि त्यासोबत थोडेथोडे खाईल. तीन टप्प्यांचे ठरावीक जेवण घेऊन दोन तास टेबल अडवणारा पाहुणा या हिशेबात बसत नाही. लहान बशीचे अर्थकारण येथे सुरू होते.

याच सुमारास द्राक्षबागांत एक वेगळी चळवळ आकार घेत होती. ल्यों शहराच्या उत्तरेला बोजोले नावाचा डोंगरउताराचा प्रदेश आहे, जेथे गामे जातीची काळी द्राक्षे पिकतात. शेजारच्या बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने 1395 मध्ये हीच जात आपल्या मुलखातून हद्दपार करण्याचा हुकूम काढला होता, इतकी ती हलकी समजली जाई. युद्धोत्तर काळात बोजोलेत रासायनिक खते आणि प्रयोगशाळेत वाढवलेली यीस्ट यांच्या बळावर उत्पादन फुगले आणि चव एकसारखी झाली. त्याच भागातील वाइनचा व्यापारी आणि रसायनशास्त्राचा अभ्यासक ज्यूल शोव्हे (1907–1989) याने उलट दिशेने विचार केला. द्राक्ष निरोगी असेल, त्याच्या सालीवरची नैसर्गिक यीस्ट जिवंत असेल आणि तळघरात स्वच्छता व तापमान काटेकोर सांभाळले जाईल, तर गंधक न घालता, किंवा अगदी अल्प घालून, वाइन करता येते, हे त्याने दाखवून दिले. गंधक म्हणजे येथे सल्फर डायऑक्साइड, जे जंतूंना आणि प्राणवायूच्या परिणामाला आवर घालते आणि युरोपीय नियमांनुसार कोरड्या, म्हणजे साखर न उरलेल्या, लाल वाइनमध्ये लिटरमागे 150 मिलिग्रॅमपर्यंत चालते. मार्सेल लापिएर आणि त्याच्या काही शेजाऱ्यांनी शोव्हेची पद्धत 1980च्या दशकात आपल्या बागांत आणली. अशा वाइनला आज 'नैसर्गिक वाइन' म्हणतात. 2020 पासून फ्रान्समध्ये तिच्यासाठी एक स्वतंत्र ऐच्छिक चिन्हही आहे, ज्यात गंधकाची एकूण मर्यादा लिटरमागे 30 मिलिग्रॅम ठेवली आहे.

या पद्धतीत द्राक्षे न चिरडता अख्ख्या घडांनी बंद टाकीत भरतात. टाकीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि प्राणवायूअभावी प्रत्येक मण्याच्या आतच किण्वन सुरू होते. मणी फुटण्यापूर्वीच त्यात थोडे मद्य आणि पुष्कळ फळाचा सुगंध तयार होतो, तर सालीतला आणि बियांतला तुरटपणा फारसा उतरत नाही. मिळणारी लाल वाइन हलकी, रसाळ आणि किंचित गार करून पिण्याजोगी असते. भाजलेल्या मांसाच्या जड थाळीसमोर ती दबून जाते. पण डुकराच्या मांसाची मऊ रिएत (मांस स्वतःच्याच चरबीत तासन्‌तास शिजवून केलेले पावावर लावण्याचे सारण), मुळा आणि खारे लोणी किंवा व्हिनेगरच्या रसातील उकडलेला लीक, म्हणजे पातीच्या कांद्याचा थोराड भाऊबंद, यांच्यासोबत तिचे फार चांगले जमते. बशीतला पदार्थ लहान आणि साधा का राहिला याचे एक उत्तर पेल्यातल्या द्रवात आहे.

या बागायतदारांना बाजारपेठ मात्र नव्हती. फ्रान्समध्ये 1935 पासून प्रदेशनामाची पद्धत आहे, ज्यात विशिष्ट गावाचे किंवा प्रदेशाचे नाव बाटलीवर लावण्यासाठी ठरावीक नियम पाळावे लागतात आणि चव-परीक्षकांच्या मंडळाची संमती लागते. गढूळ दिसणाऱ्या, अनपेक्षित चवीच्या नैसर्गिक वाइन या परीक्षेत अनेकदा नापास होत आणि मग बागायतदाराला बाटलीवर गावाचे नाव न लावता, सर्वसाधारण वर्गात ती विकावी लागे. सुपरमार्केटच्या फळीवर अशी अनोळखी बाटली कोण उचलणार? ती विकायला शेजारी उभे राहून सांगणारा माणूस हवा. 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये असे काही बार निघाले, त्यांत बेलव्हिल या कष्टकऱ्यांच्या चढावरच्या वस्तीतील 'ल बारातँ' हे सर्वांत प्रभावी ठरले. अर्जेंटिनातून आलेल्या राकेल कारेना तेथे स्वयंपाक करीत आल्या आहेत. त्यांच्या हातचे मेंदूचे, गालाच्या मांसाचे, साध्या माशाचे पदार्थ खाण्यासाठी पॅरिसचे मोठमोठे आचारी आपल्या सुट्टीच्या दिवशी त्या चढावर येत असत, ही गोष्ट आता पॅरिसच्या भोजनेतिहासाचा भाग झाली आहे.

पुढचा टप्पा 2000 साली आला, जेव्हा सिरील बोर्दारिए याने सँ मार्तँ कालव्याजवळील रू द लाँक्री या रस्त्यावर 'ल व्हेर व्होले' हे वाइनचे छोटेसे दुकान उघडले आणि त्यात काही टेबले मांडली. फळीवरची बाटली दुकानच्या भावाने घ्यायची आणि तेथेच बसून प्यायची असेल तर त्यावर 'द्र्वा द बूशाँ', म्हणजे बूच काढण्याचे ठरावीक शुल्क द्यायचे, अशी ही व्यवस्था होती. रेस्टॉरंटात वाइनची किंमत खरेदीच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक लावण्याचा रिवाज असताना या पद्धतीचा अर्थ काय होतो हे आकड्यांत पाहिले तर लगेच कळते. फळीवर 15 युरोची असलेली बाटली आठ युरो शुल्क धरून टेबलावर 23 युरोला पडते. आणि शुल्क ठरावीक असल्याने 40 युरोची बाटली 48 ला पडते, म्हणजे वाइन जितकी चांगली तितका भार प्रमाणात कमी. चांगल्या वाइनकडे जाण्याची भीती या एका नियमाने जितकी कमी केली तितकी कोणत्याही मार्गदर्शिकेने केली नसेल.

परंतु दुकानात टेबल मांडणे शक्य झाले ते परवान्याच्या एका बारीक कलमामुळे. युद्धकाळातील व्हिशी राजवटीने 1941 मध्ये मद्यांची गटवारी करून विक्रीवर जे निर्बंध आणले, त्यांचा सांगाडा आजच्या कायद्यातही टिकून आहे. सर्व प्रकारची मद्ये देता येणारा चौथ्या श्रेणीचा परवाना सर्वसाधारणपणे नव्याने निर्माण करता येत नाही, तो कोणाचा तरी विकत घ्यावा लागतो आणि पॅरिसमध्ये तो महाग असतो. वाइन, बिअर, सायडर अशी आंबवलेली पेये देता येणारा तिसऱ्या श्रेणीचा परवाना 450 रहिवाशांमागे एक या प्रमाणाने बांधलेला आहे. या दोहोंना वळसा घालणारा तिसरा मार्ग म्हणजे 'लहान रेस्टॉरंट परवाना'. त्याला संख्येची मर्यादा नाही, प्रशिक्षण पूर्ण करून नगरपालिकेत नोंद केली की तो मिळतो. अट एवढीच की आंबवलेली पेये मुख्य जेवणाच्या वेळी आणि अन्नाला पूरक म्हणूनच द्यायची. वाइन विकणाऱ्या दुकानदाराने हा परवाना घेतला की त्याला टेबल मांडता येते, पण समोर बशी असल्याखेरीज पेला देता येत नाही. काव्ह आ मांजेमध्ये शिरलेल्या पाहुण्याला 'काहीतरी खायला घ्यावे लागेल' असे नम्रपणे सांगितले जाते, त्यामागे विक्रीची हाव नसून हे कलम असते. कायद्याच्या भाषेत अन्न मुख्य आणि वाइन पूरक. प्रत्यक्षात दुकान वाइनचे आणि बशी कायद्याची गरज भागवणारी. या ताणातून लहान, स्वस्त, चटकन देता येणारी आणि तरीही अभिमानाने पुढे ठेवता येईल अशी बशी जन्माला आली.

तिचे रूप ठरवणारी दुसरी अडचण इमारतींची आहे. व्यावसायिक स्वयंपाकघराचा धूर आणि वास बाहेर नेण्यासाठी छतापर्यंत जाणारे धुराडे लागते आणि पॅरिसच्या एकोणिसाव्या शतकातील सहा-सात मजली इमारतीत ते बसवायचे तर सर्व सहमालकांची सभा भरवून संमती मिळवावी लागते. वाइनच्या दुकानाच्या गाळ्यात ते सहसा नसतेच. तेव्हा तळण नाही, मोठ्या आचेवर भाजणे नाही. विजेची शेगडी, लहान भट्टी, उत्तम सुरी आणि उत्तम माल, एवढ्यावर भागवायचे. म्हणून यादीत पाते आँ क्रूत येते (मांसाचे सारण कणकेच्या वेष्टणात भाजून थंड केलेले, ज्याच्या कापात सारण आणि कणीक यांच्यामध्ये जिलेटिनची चकचकीत रेघ दिसली पाहिजे), अंडे-मेयोनेझ येते, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचे डबाबंद सार्डिन मासे येतात. या सार्डिनच्या डब्यांवर काही वेळा मासेमारीचे साल छापलेले असते. जाणकार दुकानदार ते काही वर्षे ठेवून, अधूनमधून उलटे करून, तेल सर्व बाजूंनी मुरू देतो आणि मग डबा तसाच बशीत उघडून लिंबाची फोड व लोण्यासह पुढे करतो.

कडाक्याच्या थंडीत रविवारी सकाळी बाराव्या प्रभागातील अलिग्र बाजाराला लागून असलेल्या 'ल बारों रूझ' येथे गेल्यास या परंपरेचे सर्वांत साधे आणि सर्वांत जिवंत रूप पाहायला मिळते. आत मोठमोठी लाकडी पिंपे रचलेली असतात आणि शेजारपाजारचे लोक रिकाम्या बाटल्या आणून त्यांतून सुट्टी वाइन भरून नेतात. दाराबाहेर आर्काशों खाडीकडून आलेली कालवे टोपल्यांतून मांडलेली असतात. विक्रेता कालवाच्या बिजागरीत आखूड पात्याची सुरी खुपसून, मनगट एकदाच वळवून शिंपला उघडतो, आतले पाणी सांडू न देता बशीत ठेवतो, आणि गिऱ्हाईक भाजी-फळांची पिशवी पायाशी टेकवून, उभ्या पिंपावर बशी ठेवून, मस्कादेचा पेला हातात घेऊन ती खाते. मस्कादे ही ल्वार नदीच्या मुखाकडची कोरडी, खनिज चवीची पांढरी वाइन. कालवाच्या खारेपणासमोर तिचा आंबटपणा लिंबाचे काम करतो. येथे टेबल मिळण्याची अपेक्षा कोणी ठेवत नाही आणि त्याची उणीवही भासत नाही.

मोठ्या स्वयंपाकघरांतून आलेले आचारी या वाटेला लागले तेव्हा लहान बशीला कसब मिळाले. 'क्रियों' या आलिशान हॉटेलात क्रिस्तियाँ काँस्ताँ यांच्या हाताखाली तयार झालेल्या ईव्ह काँदबोर्द याने 1992 मध्ये शहराच्या दक्षिण टोकाला 'ला रेगालाद' उघडून तारांकित दर्जाचे अन्न बिस्त्रोच्या दरात दिले. या प्रवाहाला 2004 मध्ये पत्रकार सेबास्तियाँ दमोराँ याने 'बिस्त्रोनोमी' असे नाव दिले. त्याच काँदबोर्दने पुढे ओदेओं चौकात 'लाव्हाँ कोंत्वार' हा उभ्याने खाण्याचा बार काढला, जेथे पदार्थांची पत्रके छताला टांगलेली असतात आणि पाव, लोण्याचा मोठा गोळा व लोणच्याची भांडी काउंटरवर सर्वांसाठी सामाईक ठेवलेली असतात. अनोळखी शेजाऱ्याकडे लोणी सरकवताना जी दोन वाक्ये बोलली जातात, त्यांतून त्या बारची हवा तयार होते. इनाकी एझपितार्त याने आपल्या 'ल शातोब्रियाँ' या रेस्टॉरंटच्या शेजारी 'ल दोफँ' हा लहान बश्यांचा बार थाटला, त्याची संगमरवरी अंतर्रचना रेम कूलहास या डच वास्तुविशारदाच्या कार्यालयाने केली. ग्रेगरी मार्शांचे 'फ्रेंची' हे रेस्टॉरंट आणि त्याच्या समोरचा 2011 मधील वाइन बार, बेर्त्राँ ग्रेबो व तेओफिल पूरिया यांचे 2013 मधील 'क्लामातो', ही त्याच मालिकेतील पुढची नावे होत. हा वाइन बार आणि 'क्लामातो' या दोन्ही ठिकाणी आरक्षण न घेण्याचे धोरण ठेवले गेले, कारण वाइन बारचा जीव येणाऱ्याजाणाऱ्यांत आहे, हे या व्यावसायिकांनी ओळखले होते.

जेवणाची रीतही बदलली. अठराव्या शतकात सधन फ्रेंच घरांत पुष्कळ पदार्थ एकदम टेबलावर मांडले जात आणि पाहुणे हाताला येईल ते घेत. एकोणिसाव्या शतकात रशियन पद्धत रूढ झाली, ज्यात एकामागून एक पदार्थ प्रत्येकाच्या स्वतंत्र बशीत वाढले जातात. आजच्या रेस्टॉरंटातील आरंभीचा पदार्थ, मुख्य पदार्थ आणि गोड हा क्रम त्यातूनच स्थिरावला. माझी बशी माझी, तुझी तुझी, ही शिस्त फ्रेंच मध्यमवर्गात इतकी मुरली होती की मध्ये ठेवलेल्या बशीतून सर्वांनी खाणे अनेक ज्येष्ठांना अजूनही अवघडल्यासारखे वाटते. वाइन बारमध्ये दोघांनी चार-पाच बश्या मागवायच्या, त्या तयार होतील तशा येतील हे मान्य करायचे आणि उरलेला रस पावाने पुसून घ्यायचा, ही तेथील सर्वसाधारण रीत. पाव आणि साधे पाणी जेवणाच्या दरातच धरण्याचा नियम 1967 पासून आहे, त्यामुळे दुसऱ्यांदा पाव मागण्यात संकोच नसतो.

या रीतीचा खरा लाभ वाइन आणि पदार्थ यांची जोडी तपासताना कळतो, आणि त्यासाठी ज्युरा प्रांतातील कोंते चीज व 'व्हँ झोन', म्हणजे पिवळी वाइन, यांच्यासारखे उदाहरण नाही. कोंते गाईच्या दुधाचे, किमान चार महिने मुरवलेले असते, परंतु जोडीसाठी दोनतीन वर्षांचे घेतात, ज्याच्या कापात दाताखाली येणारे बारीक पांढरे स्फटिक दिसतात. पिवळी वाइन साव्हान्यें जातीच्या द्राक्षांची असते. ती पिंपात सहा वर्षे आणि तीन महिने ठेवतात. पिंपातून बाष्पीभवनाने घटलेली वाइन पुन्हा भरून काढत नाहीत आणि पृष्ठभागावर यीस्टची पातळ साय येऊ देतात. सायीखाली वाइनला अक्रोड, सुकी अळंबी आणि करी मसाल्याच्या जवळ जाणारा वास येतो. ती 62 सेंटिलिटरच्या बुटक्या बाटलीत भरतात, कारण एका लिटरमधून एवढ्या वर्षांनी तेवढीच उरते असे परंपरा सांगते. नवख्याने तिचा पहिला घोट घेतला तर वाइन बिघडली आहे असेच वाटते. मग कोंतेचा एक तुकडा चघळून दुसरा घोट घेतला की चीजचा गोडवा आणि वाइनचा अक्रोडी खारटपणा एकमेकांना धरतात. अशी महाग आणि अवघड वाइन पूर्ण बाटलीने मागवण्याचे धाडस फार थोडे करतील. एका लहान पेल्यात आणि तीन तुकड्यांच्या बशीत मात्र ती कोणालाही गाठता येते, आणि वाइन बारची सर्वांत मोठी कामगिरी हीच मानली पाहिजे.

या पद्धतीत दोष शिरले आहेत हेही स्पष्ट सांगावे लागेल. लहान बशीचा दर लहान दिसतो, परंतु पोट भरेपर्यंत बेरीज पूर्ण जेवणाहून मोठी होते, आणि सर्वत्र तेच बुराता चीज, तोच धुरावलेला मासा, तेच भाजलेले फ्लॉवर दिसू लागले आहे. पॅरिसहून लंडन, न्यूयॉर्क, कोपनहेगनपर्यंत हा नमुना गेला तेव्हा त्याला जन्म देणारा परवाना आणि गाळा मागेच राहिले आणि केवळ खडूचा फळा व विटांची भिंत प्रवासाला निघाली. नैसर्गिक वाइनच्या नावाखाली उंदराच्या लेंडीसारखा वास मारणाऱ्या सदोष बाटल्या खपवणेही काही ठिकाणी चालते. शोव्हेने स्वच्छतेवर दिलेला भर ज्यांनी वाचलाच नाही, त्यांनी त्याचे नाव घेऊ नये.

महाराष्ट्राशी या विषयाचा धागा द्राक्षवेलीतून जुळतो. नारायणगावजवळ शामराव चौगुले यांनी 1980च्या दशकात फ्रेंच तंत्रसाहाय्याने फेसाळ वाइन तयार केली, राजीव सामंत यांनी 1999 मध्ये नाशिकला सुला वाइनयार्ड्सची स्थापना केली आणि मोएत हेनेसी या फ्रेंच समूहाची 'शाँदों' दिंडोरी परिसरात 2013 पासून आहे. ल्वार खोऱ्यातील शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या जाती नाशिकच्या काळ्या मातीत रुळल्या आहेत, जरी तेथे वेलीची झोप थंडीने न ठरता छाटणीने ठरवावी लागते आणि एप्रिलची खरड छाटणी व पावसाळा सरताना गोडी छाटणी अशी दोनदा कात्री चालवून पीक जानेवारी ते मार्चमध्ये उतरवावे लागते. ल्वारच्या शेनँमध्ये आढळणारा धारदार आंबटपणा या उष्णतेत सौम्य होतो आणि फळाची गोडी वर येते. खोबरे-कोकमाच्या पदार्थांशी ती चांगली जुळते हे अनुभवी आचाऱ्यांनी हेरले आहे. विक्रीची व्यवस्था मात्र फ्रान्सहून अगदी निराळी आहे. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला, त्याला तीव्र विरोध झाला आणि तो अमलात आला नाही. बागायतदार आणि पिणारा यांच्यामध्ये उभे राहून, एका बशीसोबत एका पेल्याची ओळख करून देणारा लहान दुकानदार या रचनेत अजून तयार झालेला नाही, आणि नाशिकच्या लहान उत्पादकांना त्याचीच सर्वाधिक गरज आहे.

फ्रान्समध्ये हा दुकानदार किती मोलाचा आहे हे 2021 मध्ये दिसले. त्या वर्षी मार्चअखेरच्या उबेने वेलींना लवकर कोंब फुटले आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कडक दहिवर पडले. बर्गंडी, ज्युरा आणि ल्वारमध्ये बागायतदारांनी रात्रभर ओळींमध्ये मेणबत्त्या पेटवून हवा उबदार ठेवण्याचा प्रयत्न केला, तरीही देशाचे वाइन उत्पादन मोठ्या प्रमाणावर घसरले. काही लहान बागायतदारांनी इतर प्रदेशांतून द्राक्षे विकत घेतली, काहींनी सफरचंदांचा रस द्राक्षरसात मिसळून आंबवला आणि तशी पेये प्रदेशनामाशिवाय बाटलीबंद केली. ती घेणारे गिऱ्हाईक काव्ह आ मांजेमधूनच मिळाले, कारण ती काय आहेत आणि तशी का आहेत हे तेथे बाटली उघडणारा माणूस सांगू शकत होता. दरवर्षी एखाद्या ज्युराच्या बागायतदाराकडून अशा दुकानाला डझन-दोन डझन बाटल्याच मिळतात. त्या फळीवर विक्रीला ठेवल्या तर संग्राहक उचलून नेतात. म्हणून कित्येक दुकानदार अशा बाटल्यांच्या गळ्यात 'केवळ येथेच बसून' असे लिहिलेली चिठ्ठी अडकवतात आणि त्या फक्त बशीसह टेबलावर उघडतात.